मोत्याची कचकच

मोती पुढच्या दातावरून फिरला आणि काहीच झालं नाही. त्याने तो पुन्हा फिरवला, जरा दाबून, मग उलट्या बाजूने – नाही, काही नाही, बशीवरून काचेची गोटी सरकावी तसा सरकला. खऱ्या मोत्याची दाताला बारीक कचकच लागते, पिठात वाळूचा एखादा कण राहून गेल्यासारखी; नकली गुळगुळीत निसटतो. एवढीच तर सगळी विद्या. नमुन्याच्या डबीतला खरा मोती त्याने दाताला लावून पाहिला, मग नकली. दोन्ही सारखेच. कवळीला काय, सगळे सारखेच.

कवळी नवी होती. पांढरीशुभ्र, एकसारखी, त्याच्या तोंडाला परक्या पाहुण्यासारखी. दाताचा डॉक्टर म्हणाला होता, आता काहीही चावा आजोबा. काहीही चावा... पण कळेल का, ते विचारायचं त्याला सुचलंच नाही. दाताने फक्त चावतात असं साऱ्या जगाला वाटतं.

"काका, दात अजून ठणकतोय का?" पलीकडून दुकानाच्या मालकाने विचारलं. "बोलताना शीळ वाजतेय तुमची."

"ठणकतोय जरा," तो म्हणाला. नसलेला दात ठणकत होता. दात गेले हे मालकाला तरी कसं सांगायचं? हाच मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा, आमच्याकडे मशीन नाही, आमच्याकडे काकांचा दात आहे. आणि गिऱ्हाईक हसायचं, आणि आपण मान खाली घालून ओवत राहायचो, पण आतून... आतून फुलायचो मी, खोटं कशाला बोला.

समोर सकाळी आलेल्या बाईंची माळ सुटी करून ठेवली होती. माळ आईची. आई जाऊन महिना झालेला. "विकायची नाही हो," बाई म्हणाल्या होत्या. "शेवटी शेवटी आई मलाही ओळखत नव्हती, पण रात्री उशाखाली ही चाचपायची. भाऊ म्हणतो, काचेची आहे, टाकून दे. काचेची असली तरी मी ठेवणारच. पण काय ठेवतेय ते कळायला नको का?"

कळायला हवंच. त्याला ते पटलं, आणि तो 'संध्याकाळी या' म्हणाला. मालकाने चमकून पाहिलं. काकांनी आजवर कुणाला संध्याकाळी बोलावलं नव्हतं.

भिंग लावून झालं होतं. भोकाच्या कडा जुन्या दोऱ्याने काळवंडून झिजलेल्या, तिथे काही उमगेना. मोत्यावर मोती घासून पाहावा तर बोटांची टोकं जन्मभर दोरे ओढून निबर झालेली. उगाच अंदाजाने 'खरे आहेत' म्हणावं, बाई डोळे पुसत घरी जातील, कोण तपासायला येतंय? – हा विचार आला, आणि तो आला याचीच त्याला लाज वाटली.

जेवायच्या सुट्टीत तो मालकाला म्हणाला, "तीन मोती घरी नेतो. उन्हात बघायचेत." बाईंच्या माळेतला एक, डबीतला एक खरा, एक नकली. तीन वेगळ्या पुड्या, तीन वेगळ्या खिशांत.

घरी बायको पानं वाढत होती. तिचे पुढचे दात जरा बाहेर आलेले, जरा मोठेच. लग्नाच्या वेळी त्याच्या आत्याने 'सून आत येण्याआधी दात येतील' म्हटलं होतं, आणि तोही त्यावर पुष्कळ वर्षं हसला होता. ते दात अजून जागच्या जागी होते, एकही हलला नव्हता.

"अगं, जरा इकडे बस. हा मोती दातावर घासून बघ."

"मी?"

"तूच. कसं लागतं ते सांग."

"जन्मभर नावं ठेवलीत या दातांना, आता वेळ पडली होय?" ती म्हणाली, पण मोती धुऊन आणला, पुसला आणि आरशासमोर उभं राहिल्यासारखा ओठ वर केला. "अगंबाई! कचकचतंय. भाजी नीट निवडली नाही की लागतं ना, तसं."

तो खरा होता. त्याने लगेच दुसरा दिला.

"हा काहीच नाही. चमचा चाटावा तसा."

बरोबर. किती पटकन ओळखलं हिने... त्याला शिकायला सगळा एक हिवाळा लागला होता, गुरू डोक्यात टपल्या मारायचा. मग त्याने तिसरी पुडी उघडली.

ती बराच वेळ घासत राहिली. "गुळगुळीतच आहे," ती म्हणाली. त्याने मोती परत घ्यायला हात पुढे केला. "थांबा हो, घाई करू नका." तिने डोळे मिटले. एवढ्या वर्षांत तिला अशी डोळे मिटून, स्वतःच्या आत कान लावून बसलेली त्याने पाहिली नव्हती – की बसत होती, आणि आपणच पाहिलं नव्हतं? "आहे. अगदी बारीक. कुणीतरी सारखं हाताळून हाताळून झिजवल्यासारखं. पण आहे."

"नक्की?"

"मला जे लागलं ते सांगितलं. बरोबर आलं का?"

आयुष्यभर लोकांनी त्याला हेच विचारलं होतं आणि त्याच्याकडे नेहमी उत्तर होतं. आता मोती तिच्या हातात होता, कचकच तिच्या दातात, आणि त्याला तिथपर्यंत पोचायला तिच्या शब्दांखेरीज वाट नव्हती.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "मला या कवळीने काहीच कळत नाही आता."

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. "मग मालकाला काय सांगणार?"

"बायकोला विचारून आलो म्हणून सांगेन." हे बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण खरंच तसं सांगणार आहोत. पुढे मालक कामावर ठेवेल न ठेवेल... ते पुढचं. बाईंना मात्र जे कळलं ते कळलं तसंच, कुणाला कळलं यासकट, सांगायचं.

जेवण झालं. त्याने पुड्या खिशात घातल्या, दाराशी बसून एक बूट चढवला. आत ती भांडी घेऊन उठली आणि नेहमीसारखा गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" म्हणाली. हे तो वर्षानुवर्षं ऐकत आला होता. 'तेल लाव' म्हणायचा आणि निघायचा. तेल लाव हे शब्द आताही जिभेवर आले होते...

"कसा दुखतो गं?" त्याने विचारलं.

"कसा म्हणजे? दुखतो."

"म्हणजे कसं लागतं आत? ठणकतं, की टोचतं, की आणखी काही?"

ती भांडी तशीच धरून त्याच्याकडे पाहत राहिली, हा थट्टा करतोय का ते ताडत. मग तिने भांडी खाली ठेवली, गुडघ्यावरून तळवा फिरवला, आणि तिचे डोळे हळूहळू मिटत गेले.

"थांबा हं... सांगते," ती म्हणाली.

दुसरा बूट हातात तसाच धरून तो थांबला.