भोगीचा राळा

रंगुबाईनं तांब्यातलं पाणी थोरल्या बहिणीच्या पायांवर ओतलं, भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळून टाकला आणि ती उंबऱ्याच्या आत येते न येते तोच तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. आल्यागेल्याची पिशवी ती एरवी खुंटीला अडकवायची. ही मात्र दोन्ही हातांनी सांभाळत आत नेली आणि देव्हाऱ्यापुढं पाटावर ठेवली. आत नारळ आणि खण आहे हे तिनं वजनावरून ओळखलं असेल, असं भामाबाईला वाटलं.

“दमलीस का गं, आक्का?”

“यष्टीत बसून यायचं, त्यात काय दमायचं?”

खरं तर तिची हाडं खिळखिळी झाली होती. आटपाडीहून म्हसवड, तिथं गाडी बदलून फलटण आणि फलटणहून वडापच्या जीपमध्ये बायाबापड्यांच्या मांडीला मांडी लावून या उसाच्या गावापर्यंत. पण दमणूक सांगायला ती आली नव्हती. ज्यासाठी आली होती ते तिनं नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं. बिराप्पानं विचारलं तेव्हा, भोगी हाय, बहिणीकडं जाते, एवढंच म्हणाली होती.

आईबाप गेल्यापासून थोरलीचं घर हेच रंगुबाईचं माहेर. दरसाल भोगीला ती आटपाडीकडं यायची. भामाबाई राळ्याचा भात रांधायची, वर लोण्याचा गोळा ठेवायची, आणि धाकटी निघाली की तिच्या ओटीत शेरभर राळा घालायची. सालीसकट, बियाणं म्हणून. रंगुबाईच्या रानात ऊस असायचा, तिथं राळा कोण पेरणार? पण बी दोन घरी असावं असं आईचं सांगणं होतं, म्हणून भामाबाई देत राहिली आणि रंगुबाई डब्यात ठेवत राहिली. दोघी हसायच्यासुद्धा या उपद्व्यापाला.

यंदा मात्र भामाबाईनं फोन करून सांगितलं होतं, “औंदा तू नगं येऊस. मीच येते.” आणि मग, काहीच विशेष नसल्यासारखं, “राळं हाय न्हवं तुज्याकडं?”

“हाय की! डबा भरून हाय,” रंगुबाई म्हणाली होती.

त्या एका वाक्यावर भामाबाई इथवर आली होती.

सोनमनं, रंगुबाईच्या सुनेनं, चहा आणून दिला. भामाबाईनं कपबशी हातात घेतली, पण डोळे स्वयंपाकघरातल्या फळीवर फिरत होते. पितळी डबे, स्टीलचे डबे, बिस्किटांचे पुडे. कुठल्या डब्यात असेल? विचारता येत नव्हतं. बी तोंडानं मागायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत होती. जिचं संपलं तिनं नारळ आणि खण घेऊन दुसरीच्या घरी जायचं, देवापुढं तिच्यासमोर बसायचं आणि मुकाट पदर पसरायचा. जिच्याकडं असेल तिनं ओंजळीनं घालायचं. एकीनं का संपलं हे सांगायचं नाही, दुसरीनं विचारायचं नाही. आईनं दोघींना हे लग्नाआधीच शिकवलं होतं. त्यात शहाणपण होतं, हे भामाबाईला आता कळत होतं. कारण तोंडानं सांगायची वेळ आली असती, तर तिला ते सांगताच आलं नसतं.

काय सांगणार होती? की आईचं बी माझ्या हातून गेलं?

कालव्याचं पाणी आलं आणि तिच्या गावाचा तोंडवळाच पालटला. डाळिंबं आली, द्राक्षं आली, लोकांनी बंगले बांधले. त्याबद्दल तिला कुणाचा हेवा नव्हता. तिच्या स्वतःच्या मुलानं, धनाजीनंही डाळिंब लावलं होतं आणि त्यावरच घर चाललं होतं. पण आधी सगळ्या शिवारात बाजरी, राळा, मटकी असायची, तेव्हा पाखरं वाटली जायची. याच्या रानात थोडी, त्याच्या रानात थोडी, कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. आता दाणा म्हणून फक्त भामाबाईच्या पट्टीत. साऱ्या पंचक्रोशीतल्या चिमण्या, होले, पोपट तिच्याच उरावर. पहाटेपासून गोफण घेऊन ती बांधावर उभी राहायची, ओरडून ओरडून घसा बसायचा. परवाच्या साली ती तापानं अंथरुणाला खिळली. उठून पाहते तो नुसती चिपाडं उभी होती. पाखरांना शिव्या घालाव्यात तर बिराप्पा म्हणाला, “त्येंनी तरी कुठं जावं? गावात दुसरं हाय काय खायला?” जुनं ठेवलेलं थोडं होतं ते तिनं गेल्या पावसाळ्यात पेरलं. कणसं धरली आणि पाऊस जो बसला तो उठलाच नाही. उभ्या कणसांना बुरशी आली. राळा संपला. आपण एकटीनं जपलेली गोष्ट आपल्या एकटीच्यानं टिकणार नव्हती, हे तिला फार उशिरा समजलं, आणि त्या दिवशी ती गोठ्यात जाऊन पोटभर रडली.

आई गेली तेव्हा शेवटी तिच्या घशाखाली फक्त राळ्याची पेज उतरायची. चमच्यानं ती भामाबाईनंच पाजली होती. आईचं म्हणून घरात बाकी काही उरलं नव्हतं. लुगडी फाटली, भांडी वाटण्यांत गेली. दरसाल नवं होऊन येणारं असं तेवढंच होतं.

“मावशी, राळं दावू का तुमाला?”

सोनमनंच विषय काढला. भामाबाईनं कपबशी खाली ठेवली आणि उठली. तिच्या गुडघ्यांनी कुरकुर केली, पण मन हलकं झालं होतं. सोनमनं फळीवरचा मोठा स्टीलचा डबा काढला, ओट्यावर ठेवला आणि कौतुकानं झाकण उघडलं.

“आत्यानं परवा दिसभर उखळात सडलं बघा,” सासूला ती आत्या म्हणायची. “मी म्हनलं मिक्सरला फिरवू, तर ऐकतील तर शपथ. हाताला फोड आलेत.”

भामाबाईनं डब्यात हात घातला.

सालीतला राळा हाताला गुळगुळीत लागतो, बोटांमधून पाण्यासारखा निसटतो. हा निसटला नाही. मऊ, फिकट पिवळा, आणि हात बाहेर काढला तर बोटांना पिठूळ लागलेलं. उखळात सडून साल काढली की राळ्याचा तांदूळ होतो. तो शिजतो, उगवत नाही.

तिनं हात तळापर्यंत घातला. तळालाही तेच.

“समदंच सडलं?”

“समदं. एक दाणा ठेवला न्हाई. तुमी येनार म्हनून आत्याला नुसतं उधाण आलं हुतं.”

“कोंडा कुठाय गं?”

“कोंडा? कोंबड्यांना टाकला की.”

भामाबाई मागच्या दारानं बाहेर गेली. सोनमला वाटलं, मावशींना मोरीला जायचं असेल. परड्यात कोंबड्या चरत होत्या आणि भिंतीच्या कडेला वाऱ्यानं गोळा केलेला कोंड्याचा थर पडला होता. भामाबाई उकिडवी बसली. तिनं चिमूट उचलली, तळहातावर चोळली, फुंकर मारली. साल उडाली, खाली काही राहिलं नाही. दुसरी चिमूट. तिसरी. एक लाल कोंबडी मान वाकडी करून तिच्याकडं बघत होती. पुढ्यातलं कुणीतरी हिसकावतंय म्हणून तिला राग आला असावा. कितीही नीट सडलं तरी पाच-पन्नास दाणे सालीतच राहतात, हे भामाबाईला ठाऊक होतं. पण ते कोंबड्यांनाही ठाऊक होतं, आणि त्या दोन दिवसांपासून इथं होत्या.

“आक्काऽ, कुठं गेलीस? पानं वाढली!”

तिनं पदरानं हात पुसले. रंगुबाईला काही म्हणायचं नाही, हे तिनं तिथंच ठरवलं. हाताला फोड येईस्तोवर जिनं सडलं, तिला काय बोलणार?

ताटात तीळ लावलेली बाजरीची भाकरी होती, भोगीची मिसळीची भाजी होती आणि मधोमध राळ्याचा भात. रंगुबाईनं त्यावर लोणी घातलं, अगदी भामाबाई घालायची तसं. भामाबाईनं पहिला घास घेतला. भात सुरेख झाला होता, आईच्या हातचा व्हायचा तसा मोकळा आणि मऊ. तिनं तो सावकाश चावून गिळला.

“लय चांगला झालाय,” ती म्हणाली.

“तुज्यासारखा कुठला व्हायला!” रंगुबाई लाजली. पण तिचं अर्धं लक्ष देव्हाऱ्याकडं होतं. मग म्हणाली, “खालचं रान बघितलंस का येताना?”

“पांढरं दिसलं. काय टाकलंया?”

“टाकतंय कोन? मीठ वर आलंय. पानी पाजून पाजून रान चोपण झालं. ऊस गुडघ्याच्या वर येत न्हाई, औंदा तोडायलाबी कोन आलं न्हाई. आमचा पोरगा, बिरदेव म्हंतो इकू आनि फलटणला गाळा घिऊ.”

“मग?”

“मी म्हनलं, एक साल थांब.” रंगुबाईनं भात कालवला. “वरचा माळाचा तुकडा हाय अजून चांगला. तितं बघू काय तरी करून. न्हाई जमलं तर इक म्हनलं, मी आडवी येनार न्हाई.”

सोनम खाली मान घालून जेवत होती. हे बोलणं घरात बऱ्याचदा झालं असणार, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. भामाबाईला बहिणीची कणव आली, पण तिच्या स्वतःच्या काळजात एवढा मोठा दगड बसला होता की दुसऱ्याचं दुःख ठेवायला तिथं जागाच नव्हती. ती एवढंच म्हणाली, “व्हईल काय तरी.”

“व्हईल की,” रंगुबाई म्हणाली, आणि चक्क हसली. “तू आलीस न्हवं.”

जेवणं आटोपली. उन्हं कलायच्या आत वडाप गाठायला हवं होतं. रंगुबाईनं सडलेल्या राळ्याचा मोठा डबा एका पिशवीत रिकामा केला आणि तोंड बांधून बहिणीपुढं ठेवला.

“समदं घिऊन जा. भावजींना भात घाल, पोरांना घाल. कोंदट हवेत हितं ठिवून त्येचं काय व्हनार? गेल्या सालचं नि त्येच्या आदल्या सालचंबी त्येच्यातच हाय. म्हनलं, आता नवं येतंय तर जुनं कशाला ठिवायचं?”

भामाबाईच्या हातात पिशवी होती. तिला ते शब्द ऐकू आले, पण त्यांचा अर्थ मनात उतरायला थोडा वेळ लागला. नवं? कुठलं नवं?

रंगुबाईनं सोनमला बाहेर शेळ्यांना पाला टाकायला पाठवलं. मोरीत जाऊन हातपाय धुतले, देवापुढचं निरांजन लावलं, बहिणीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. देव्हाऱ्यापुढच्या पाटावर भामाबाईची पिशवी सकाळपासून तशीच होती, तिच्यावर कुणीतरी एक झेंडूचं फूल ठेवलं होतं. रंगुबाईनं डोक्यावरून पदर घेतला. पाटाच्या अलीकडं, थोरलीच्या समोर, मांडी घालून बसली.

आणि काही न बोलता तिनं पदर पसरला.

भामाबाईला सगळं एकदम दिसलं. दोन्ही हातांनी आत नेलेली पिशवी, जेवताना देव्हाऱ्याकडं वळणारी नजर, एक साल मागून घेतलेलं माळाचं रान, हातावरचे फोड. सालोसाल जिनं बी दिलं, तीच यंदा आपणहून जड पिशवी घेऊन दारात आली होती. पिशवीत बियाणंच आहे, याशिवाय धाकटीनं दुसरं काय समजायचं होतं? रंगुबाईनं डोळे मिटले होते, ओठ किंचित हलत होते. तिनं पदर चांगला ऐसपैस धरला होता, एक दाणाही खाली सांडू नये असा.

भामाबाईचा हात पाटावरच्या पिशवीपर्यंत गेला. नारळाची शेंडी बोटांना लागली. तिनं हात मागं घेतला.

मग तीही पाटापलीकडं, धाकटीच्या समोर बसली. डोक्यावरून पदर घेतला. उरलेलं टोक दोन्ही हातांत धरलं आणि हळूहळू पसरलं.

बराच वेळ ओटीत काही पडलं नाही तेव्हा रंगुबाईनं डोळे उघडले. तिनं आधी बहिणीच्या हातांकडं पाहिलं, मग त्या हातांतल्या पदराकडं. बाहेर सोनम शेळ्यांना हाका मारत होती. दोघींपैकी कुणीच पदर आवरला नाही.