बोंडाचे मागचे पाय

गुंडेरावांचं कुत्र्यावर फार प्रेम होतं. म्हैसूरच्या विजयनगरातल्या त्या रस्त्यावर हे सगळ्यांना माहीत होतं, कारण गुंडेरावांनी ते एकूण एक घरी जाऊन सांगितलं होतं. सहा वर्षांपूर्वी दसऱ्याला बन्नीमंटपातली मशालींची कवायत बघून येताना त्यांनी स्वेटरच्या आत दडवून एक पिल्लू आणलं. तळलेल्या बोंड्यासारखं तांबूस, गोलमटोल, म्हणून नाव ठेवलं बोंडा. तेव्हापासून "हा माझा प्राण" हे वाक्य दिवसातून दोनदा तरी फाटकाशी उभं राहून व्हायचंच. त्या प्राणाला भात कालवणं, त्याच्या गोचिड्या काढणं, चिखलात लोळून आला की पुसणं, ही कामं मात्र त्यांच्या बायकोची, तुंगाबाईंची. तुंगाबाईंनी पस्तीस वर्षं शाळेत कन्नड शिकवलं होतं, आणि कुत्रं हा प्रकार आपल्याला मुळीच आवडत नाही असं त्या स्वच्छ सांगायच्या.

जूनमधल्या एका सोमवारी बोंडा खारीच्या मागे भिंतीकडे झेपावला, एकदाच केकाटला आणि खाली बसला. बसला तो बसलाच. पुढचे पाय धडपडत होते, मागचे दोन ओल्या फडक्यासारखे पडले होते. गंमत म्हणजे तासाभरात त्याचं दुखणं थांबलं. जीभ बाहेर काढून तो नेहमीसारखा सगळ्यांकडे बघायला लागला, फक्त कमरेखालचं अंग त्याचं ऐकेना.

गुंडेरावांनी काय करावं? "मला बघवत नाही गं, तुंगा," म्हणाले, आणि आत जाऊन पंखा लावून पडले. बघवत नाही म्हणजे काय, तर मग बघायचं दुसऱ्या कुणीतरी. तुंगाबाईंनी शेजारच्यांच्या मदतीने अठरा किलोचं ते धूड चादरीत घालून रिक्षात चढवलं, दवाखान्यात फोटो काढून आणला. हाडं सगळी जागच्या जागी होती.

संध्याकाळी सुब्बराव आले. हे गुंडेरावांचे शाळेतले बाकसोबती, गुरांचे निवृत्त डॉक्टर. घराणं मराठीच, पण चाळीस वर्षं खेड्यापाड्यांत बैलांशी आणि बैलवाल्यांशी बोलून मराठी पार विसरलेले. कन्नडातसुद्धा शब्द मोजून वापरायचे. त्यांनी बोंडाच्या मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरून जोरात दाबलं. बोंडाने मान वळवून त्यांच्याकडे असं बघितलं, की हा कोण आगंतुक.

"कळतंय याला," सुब्बराव म्हणाले. "म्हणजे आशा आहे."

मग त्यांनी समजावलं ते इतकंच. मणक्यांमधल्या चकतीचा एक कण निसटून रक्तवाहिनीत अडकला, पाठीतल्या मज्जेला रक्त पोचलं नाही, आणि कण्याला झटका आला. माणसाला मेंदूत येतो तसा. याला गोळी नाही, ऑपरेशन नाही. पाय हलवत राहायचे, उभं करायचं, कुशी बदलायची, लघवी आपण पोट दाबून करवायची. आठवडे लागतील.

"कुणी करायचं हे सगळं?" गुंडेरावांनी दारातून विचारलं.

दुसऱ्या दिवशी तुंगाबाईंनी कपाट उघडून गुंडेरावांची निवृत्तीच्या सत्काराची शाल बाहेर काढली. रुंद, मऊ, जरीकाठी, आणि आजवर कुणाच्या काही उपयोगाला न आलेली. ती बोंडाच्या पोटाखालून घालून दोन्ही टोकं वर धरली की त्याचं मागचं धड छान उचललं जायचं.

"अगं, ती शाल," गुंडेराव म्हणाले.

"तुम्ही सुम्ने बसा," तुंगाबाई म्हणाल्या. म्हैसूरच्या मराठीत गप्प बसायला सांगण्याचा तो सभ्य मार्ग आहे.

रोज चार वेळा त्या जमिनीवर बसून त्याचे पाय सायकल चालवल्यासारखे फिरवायच्या. नुसते आकडे मोजायचा कंटाळा, म्हणून कन्नड बाराखडी म्हणायच्या, डाव्या पायाला एक अक्षर, उजव्याला पुढचं. चुकल्या तर पहिल्यापासून. मध्ये मध्ये शिव्याही द्यायच्या. "खारीच्या मागे लागत होतास ना, मठ्ठा? मिळाली खार?" बोंडा ऐकून घ्यायचा. त्यांची कंबर मोडली, गुडघे सुजले, साड्यांना लघवीचा वास लागला. गुंडेराव नाकाला रुमाल लावून बाजूने जायचे आणि रस्त्यावर भेटेल त्याला सांगायचे, की आमच्या घरात सध्या फार दुःख आहे.

मग त्यांची धाकटी बहीण अंबुजा पिरियापट्टणाहून आली, ती तंबाखूची पानं घेऊन. गरम तेलात बुडवून बांधायची म्हणे, तिकडे सगळे बैलांना बांधतात.

"आणि चाटून मेला तर?" तुंगाबाईंनी विचारलं.

"वहिनी, असा जगून तरी काय करणार तो?" अंबुजा मायेने म्हणाली. ती माया तुंगाबाईंच्या डोक्यात गेली. पानं त्यांनी तिच्यादेखत कचऱ्यात टाकली, वर फिल्टर कॉफीही दिली, पण साखर घातली नाही.

तिसऱ्या आठवड्यात शेपटीचं टोक हललं. चौथ्यात शाल सैल केली तरी बोंडा दहा अक्षरं उभा राहिला, मग बसकण मारली. तुंगाबाईंना वाटलं, आता होईल. गुंडेरावांना मात्र एवढंच दिसलं, की कुत्रा अजून फरशीवरून फरफटतो. त्यांनी त्याचा व्हिडिओ काढून सुब्बरावांना पाठवला. सुब्बराव तेव्हा लेकीकडे शिवमोग्ग्याला होते.

तासाभराने गुंडेराव डोळे पुसत स्वयंपाकघरात आले.

"सुब्बा म्हणतो, पुरे आता. तो डॉक्टर, त्याला कळतं. मी दवाखान्यात फोन केलाय. शुक्रवारी चार वाजता घरी येऊन इंजेक्शन देतील. झोपेतच जाईल, काही कळणार नाही त्याला."

तुंगाबाई होत्या तिथेच खाली बसल्या. खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्यांच्या कंबरेला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की हातातलं भांडं त्यांनी आपटलं. मग जन्माची खोड जागी झाली.

"काय लिहिलंय नेमकं? शब्द दाखवा."

गुंडेरावांनी फोन पुढे केला. कन्नडात दोनच शब्द होते: 'नायि साकु.'

नायि म्हणजे कुत्रा. आणि साकु म्हणजे पुरे, हे म्हैसूरच्या बसमध्ये एक दिवस बसलेल्यालाही कळतं. पण साकु म्हणजे सांभाळ, पाळ, असंही होतं; ज्याला आपण अरे-तुरे करतो त्याला द्यायची ती आज्ञा. आणि सुब्बराव गुंडेरावांना पहिलीपासून अरे-तुरेच करत आले होते. ही जोडी तुंगाबाई दरवर्षी सातवीला फळ्यावर लिहून देत आणि दरवर्षी मुलं ती चुकवत.

त्यांनी तिथूनच सुब्बरावांना फोन लावला, आवाज मोठा करून.

"पाळ म्हटलं मी," सुब्बराव म्हणाले. "पुरे कशाला म्हणेन? त्या व्हिडिओत डावा पाय त्याने स्वतः दोनदा पोटाखाली ओढलाय. कुणी बघितलं नाही का?" एवढी लांब वाक्यं ते सहसा बोलत नसत. फोन ठेवून दिला.

"अहो, चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कन्नड टिपणं लिहिलीत," तुंगाबाई म्हणाल्या. "तुम्हाला हा शब्द कळला नाही?"

गुंडेराव ओट्याच्या कडेवरचा डाग नखाने खरवडत राहिले.

"कळला होता," ते म्हणाले. "दोन्ही अर्थ कळले. मला सोसेल तो घेतला."

तुंगाबाईंना ओरडावंसंसुद्धा वाटलं नाही, इतका त्यांना वीट आला होता. दवाखान्यात नको म्हणून कळवा, एवढं त्यांनी सांगितलं, आणि ते कळवेपर्यंत त्या समोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी गुंडेरावांच्या हातात शालीचं एक टोक दिलं. दोन दिवस त्यांनी ते धरलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा खांदा दुखायला लागला.

सहाव्या आठवड्यात, एका रविवारी सकाळी, तुंगाबाईंनी अंगणात बोंडाला उभं केलं आणि शाल हळूच काढून घेतली. तो उभा राहिला, डुलत, मागचे पाय फाकवून. त्या चार हात मागे सरकल्या, गुडघे टेकून बसल्या आणि दोन्ही हात पसरले.

"ये," त्या म्हणाल्या. "ये रे मठ्ठा."

तेवढ्यात गुंडेराव पेपर घेऊन फाटकातून आत आले. बोंडाचे कान उभे झाले. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. डाव्या पायाचं बोट फरशीवर घासत होतं, कंबर एका बाजूला कलत होती, पण चालला. तुंगाबाईंच्या पसरलेल्या हाताला अंग घासून तो पुढे गेला आणि सात पावलं चालून गुंडेरावांच्या पायांवर कोसळला.

गुंडेराव खाली बसून ढसाढसा रडले. समोरच्या घरातले लोक धावून आले तेव्हा त्यांना सांगत होते, "बघा, माझी चाहूल लागली आणि उठला. मुक्या जिवाला प्रेम कळतं हो."

लोकांनीही डोळे पुसले. कुणीतरी फोटो काढला, त्यात तुंगाबाई नाहीत.

त्या मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर जाऊन बसल्या होत्या आणि रडत होत्या. नवऱ्यासाठी नव्हे. त्याच्याकडून त्यांची काही अपेक्षाच उरली नव्हती. पण बोंडा आपल्या हाताजवळून निघून गेला, आपल्याकडे आला नाही, हे त्यांना लहान पोरीसारखं लागलं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण कुत्रं आपल्याला मुळीच आवडत नाही, असं त्यांनी सहा वर्षं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.