कंबरेचे दगड

चल्याकोटा सरोवर आटून सातवं वर्ष लागलं, तेव्हा गावात दोनच गोष्टी हिरव्या उरल्या होत्या: शाळेचा दरवाजा आणि एर्मेलिंदाचं लव्हाळ्याचं कुंड. दरवाजाला दर वर्षी रंग लागे. कुंड रोज राखावं लागे.

कुंड तसं लहानच. टेकडीच्या पायथ्याला एक झरा होता, कितीही कोरडं साल आलं तरी न आटणारा. त्याचं पाणी दगडी बांधाने अडवलेलं होतं, वीस पावलं लांब आणि बारा पावलं रुंद. सरोवर मागे हटू लागलं त्या साली एर्मेलिंदाच्या वडिलांनी लव्हाळ्याचे शेवटचे ओले गड्डे पाठीवर वाहून आणले आणि इथे रोवले. मरताना त्यांनी लेकीला फार काही सांगितलं नाही. "पाणी येईल तेव्हा मूळ तयार पाहिजे," एवढंच म्हणाले. गावाच्या होड्या लव्हाळ्याच्या, छपरं लव्हाळ्याची, मासे अंडी घालणार ते त्याच्या मुळाशी आणि पाणकोंबड्या घरटी बांधणार त्या त्याच्या आडोशाने. लव्हाळ्यावाचून सरोवर म्हणजे नुसतं साठलेलं पाणी, हे गावात कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

पण गाईंना ते कोण समजावणार? फ्रोइलानच्या अकरा गाईंच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. फ्रोइलान म्हणजे एर्मेलिंदाच्या वारलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. त्याने गावसभेपुढे मागणी ठेवली होती की कुंडाचा बांध फोडावा, झऱ्याचं पाणी खालच्या सपाटीवर न्यावं आणि तिथे लसूणघास पेरावा. रविवारी निकाल होता. अर्धं गाव त्याच्या बाजूने होतं, आणि उरलेल्या अर्ध्यातले बरेच जण ओरुरो शहरात कामाला गेलेले होते.

गुरुवारी सकाळी तो बांधावर येऊन बसला. एर्मेलिंदा गुडघाभर पाण्यात उभी राहून शेवाळ काढत होती.

"वहिनी, तुझ्या डबक्याकडे बघून बघून गाई म्हाताऱ्या झाल्या माझ्या."

"मीही झाले. त्यांना सांग."

"थट्टा नाही करत मी. गेल्या महिन्यात एक गेली. आणि तू इथे मुळं जपत बसलीयस. कुणासाठी?"

"सरोवरासाठी. ते येईल."

"येईलच. मी कुठे नाही म्हणतो?" फ्रोइलानने गालातल्या कोकाच्या पानांचा तोबरा दुसऱ्या गालात सरकवला. "ते येईल तेव्हा लव्हाळाही आपोआप उगवेल. पहिल्यांदा कुणी लावला होता? तुझ्या बापाने? वाऱ्याने बी आणलं असेल, बदकांच्या पायाला चिकटून आलं असेल. मग आताही येईल."

एर्मेलिंदाचा हात पाण्यात थांबला. सात वर्षांत तिला शंभर टोमणे ऐकावे लागले होते आणि शंभरांना उत्तरं होती. पण हा नुसता टोमणा नव्हता. लव्हाळा आपोआप येत असेल, तर ती सात वर्षं अकरा जनावरांच्या तोंडचं पाणी अडवून बसली होती.

तिला विद्यापीठातून आलेली दोन माणसं आठवली. सरोवर नुकतंच आटलं होतं तेव्हा त्यांनी तळात लांब नळी ठोकून नळीभर चिखल वर काढला होता. शाळेच्या टेबलावर तो उभा चिरून ठेवला, तेव्हा त्यात काळे, करडे, पांढरे पट्टे दिसले. त्यातली चष्मेवाली पोरगी म्हणाली होती, "घडी घातलेल्या घोंगड्यांसारखं आहे हे, मावशी. सगळ्यात जुनी सगळ्यात खाली. आणि एक बोटभर जाडी म्हणजे साधारण एका माणसाचं आयुष्य."

"फ्रोइलान," एर्मेलिंदा पाण्याबाहेर येत म्हणाली, "फावडं आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. का?"

"सरोवरालाच विचारू. ते याआधीही आटलंय. परत आलं तेव्हा लव्हाळा कसा आला, ते चिखलात लिहिलेलं असणार. आपोआप आला असेल तर रविवारी बांध मी माझ्या हाताने फोडीन."

"आणि नसेल तर?"

"तर तू माझ्याकडे दगड घडवायला बसायचंस."

फ्रोइलान मोठ्याने हसला. दगड घडवणं म्हणजे त्याच्या लेखी म्हाताऱ्या बायकांचा उद्योग. "ठरलं," तो म्हणाला.

शुक्रवारी ते होड्यांच्या धक्क्यापाशी गेले. गावातल्या कुणालाही सरोवर दाखव म्हटलं तर तो तिथेच बोट दाखवी, तसंच या दोघांनाही वाटलं. उलट्या पडलेल्या होड्यांच्या मधल्या जागेत फ्रोइलानने दुपारपर्यंत कंबरभर खड्डा खणला. आत सगळा चिखल एकाच रंगाचा निघाला, फुटकी मडकी, माशांचे काटे आणि दोऱ्यांचे तुकडे यांची खिचडी.

"तुझं सरोवर निरक्षर निघालं," तो घाम पुसत म्हणाला.

एर्मेलिंदा काठावर बसून हसायलाच लागली. "आपणच ढवळलंय ते. इथे बापजाद्यांनी रोज काठ्या रोवून होड्या ढकलल्या. पुस्तक उघडलं ते शाईच्या दौतीत बुडालेलं. उद्या आत जाऊ, लव्हाळा उभा असायचा तिथे."

शनिवारी ती दोघं पांढऱ्या तळावरून चारशे पावलं आत चालत गेली. मिठाची खपली पायाखाली वाळल्या पोळीसारखी मोडत होती. एर्मेलिंदाने कोकाची तीन निवडक पानं जमिनीवर ठेवली, त्यावर दारूच्या बाटलीतले चार थेंब ओतले आणि धरित्रीची परवानगी मागितली. उरलेलं फ्रोइलानने पिऊन टाकलं. "मीही खणणार आहे की नाही," तो म्हणाला.

वरचं तडकलेलं सुटलं आणि मग थर नीट दिसू लागले. एर्मेलिंदा कडा सुरीने तासून देत होती. आधी वीतभर काळा थर आला, बारीक मुळ्यांच्या धाग्यांनी विणल्यासारखा. त्यांनी आणि त्यांच्या आज्यापणज्यांनी पाहिलेलं सरोवर ते हेच. त्याखाली बोटभर पांढरा, मिठाचा. त्याखाली पुन्हा काळा.

फ्रोइलानने फावडं टेकलं. "वाच आता तूच. खालून वर. लव्हाळा होता, मग सरोवर आटून मीठ झालं, आणि मिठावर लगेच लव्हाळा. मधे बोटभरही फट नाही. आपोआप."

तो खोटं बोलत नव्हता. पांढऱ्यावर काळा असा बसला होता जसा भिंतीवर गिलावा. एर्मेलिंदाने त्या सांध्यावरून अंगठा फिरवला. बांध फोडायला पहार कुणाची मागावी, एवढंही तिच्या मनात येऊन गेलं.

"एका पानावरून गोष्ट कळत नाही," ती शेवटी म्हणाली. "अजून खाली चल."

"हरलीस तरी शिकवणं सुटत नाही तुझं." पण तो खणू लागला. माती आता ओली होती, कुजल्या पाण्याचा वास येत होता. छातीइतक्या खोलीवर दुसरा पांढरा पट्टा लागला, पहिल्याहून जाड. फ्रोइलान त्याच्या वरचा चिखल बोटांनी चाचपू लागला.

"काय आहे?" तिने वरून विचारलं.

"करडं आहे. शंखशिंपले आहेत बारके. म्हणजे पाणी होतं." त्याने एक ढेकूळ चुरलं, मग दुसरं. "मुळं नाहीत."

"किती जाड?"

त्याने वीत लावली. "पुरी वीत. मग काळा सुरू होतो."

"बोटं मोज."

त्याने खालपासून वरपर्यंत बोटं मोजली, पुन्हा मोजली. "बारा."

"बारा माणसांची आयुष्यं," एर्मेलिंदा म्हणाली. "इतका काळ पाणी होतं आणि लव्हाळा नव्हता. तुझ्या बदकांना वाट सापडायला तेवढा वेळ लागला."

फ्रोइलान खड्ड्यात उभा राहून वरखाली पाहत राहिला. माणूस हट्टी होता, पण डोळ्यांना दिसलेलं नाकारणारा नव्हता. "बरं. पण वरच्या वेळी लगेच आला ना? मिठावर लगेच काळा. त्याचं काय?"

"तेच मला विचारायचंय. खालच्या वेळी बारा आयुष्यं, वरच्या वेळी एकही नाही. सरोवर तेच, बदकं तीच. मग बदललं काय? वरच्या सांध्यापाशी खड्डा रुंद कर, हळू."

त्याने रुंद केला. तिसऱ्या घावाला फावडं खणकन वाजलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सरोवराच्या मधोमध चिखलात दगड नसतो. फ्रोइलानने हाताने माती सारली, दगड सोडवला आणि अंगरख्याला पुसला. मुठीएवढा, लालसर, टेकडीवरचाच. मधे दोन्ही बाजूंनी ठोकून कंबर काढलेली.

एर्मेलिंदाच्या घरी ओसरीवर असे चाळीस दगड होते. लव्हाळ्याचा गड्डा गवताच्या दोरीने अशाच दगडाला बांधायचा आणि होडीतून पाण्यात सोडायचा, म्हणजे तो तळाशी बसतो आणि मूळ धरतो. दोरी निसटू नये म्हणून दगडाला कंबर. वडिलांनी तिला तेच शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या आईने.

"एका पावलावर बघ," ती म्हणाली.

एका पावलावर दुसरा निघाला. तोही मिठाच्या अगदी वर, काळ्याच्या अगदी तळाशी.

"म्हणजे तेव्हाही कुणीतरी डबकं राखत बसलं होतं," फ्रोइलान म्हणाला.

"कुंड."

"कुंड," तो म्हणाला.

रविवारी दोन्ही दगड सभेत या हातातून त्या हातात फिरले. त्या वर्षीचे गावप्रमुख ताता सेबेरो यांनी एक दगड बराच वेळ तळहातावर तोलला आणि एर्मेलिंदाच्या ओसरीवरचा एक नवा दगड शेजारी ठेवायला सांगितलं. मग म्हणाले, "जुनं काम जास्त सुबक आहे, एर्मेलिंदा. वाईट वाटून घेऊ नकोस." लोक हसले, आणि बांध राहिला.

पण सभा उठण्याआधी एर्मेलिंदा उभी राहिली. सात वर्षं तिने कुंडातली एक काडी कुणाला तोडू दिली नव्हती. "ती माझी चूक झाली," तिने सरळ सांगून टाकलं. "मूळ सांभाळायचं ते सांभाळू. शेंडे कापले तर मूळ मरत नाही, उलट जोमाने फुटतं. एकाआड एक रांग दर पंधरवड्याला गाईंना. आणि झऱ्याचं सांडून जाणारं पाणी अडवून खाली दुसरं कुंड बांधायचं. मजूर म्हणून फ्रोइलान आहेच."

"मला कुणी विचारलं?" फ्रोइलान बाकावरून म्हणाला, पण बाहेर जाताना दारामागची पहार त्यानेच उचलली.

पुढच्या आठवड्यात तो ओसरीवर दगड आणि छिन्नी घेऊन बसला. अंगणात त्याची सगळ्यात हाडकुळी गाय हिरवे शेंडे खात होती.

"हे बघ, जमला," त्याने दगड पुढे केला.

एर्मेलिंदाने त्याला दोरी गुंडाळून झटका दिला. दोरी निसटली.

"कंबर आणखी बारीक कर," ती म्हणाली. "तुझ्या मापाची नको काढूस."

त्याने दगड परत घेतला आणि पुन्हा ठोकायला लागला. दिवस मावळेपर्यंत पाच झाले. ते तिने चाळिसांशेजारी रांगेत मांडले आणि उद्याचे ठेवायला पुढे जागा झाडून ठेवली.