लाजाळूची चाल

थंडीत आलेल्या एका पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं. वेळ मिळाला नाही असं म्हणायची सोय नव्हती. निवृत्त माणसाकडे वेळाशिवाय दुसरं असतं काय? पत्र हरवलं म्हणावं, तर तेही खोटं. ते शब्दकोशात ठेवलेलं होतं आणि ग्रंथपालांना रोज कुठला ना कुठला शब्द अडतच असे. शब्दकोश उघडला की पत्र दिसे, पत्र दिसलं की ते शब्दकोश मिटून टाकत, आणि शब्द अडलेला तो अडलेलाच राही.

पत्र बँडमास्तरांच्या नातीचं होतं. तिनं लिहिलं होतं :

‘काका, आपली ओळख नाही. आजोबांचं क्लॅरिनेट आता मी वाजवते. आम्ही पाच जण मिळून इथल्या जुन्या बँडच्या चाली नव्यानं रेकॉर्ड करतो आहोत. त्यातली एक चाल या भागातला प्रत्येक बँड वाजवतो, पण ती कुणाची ते कुणालाच माहीत नाही. आजोबा शेवटच्या आजारात म्हणाले, ती माझी नाही, वाचनालयातल्या लाजाळूला विचार. ते लाजाळू म्हणजे तुम्ही, असं चौकशी केल्यावर कळलं. ती चाल तुमची आहे का? आणखी एक. तिच्यात एक सूर असा आहे की वरच्या ओळीत सगळे त्याच्यावरून उडी मारतात, आणि खालच्या ओळीत तोच सूर सरळ घेतात. असं का, हे आजोबांनाही सांगता येत नव्हतं. उन्हाळा संपायच्या आत कळवलंत तर तुमचं नाव छापता येईल. नाहीतर आम्ही ‘पारंपरिक’ असं घालू.’

‘पारंपरिक’ हा शब्द वाचल्यावर ग्रंथपालांना आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग लुटल्यासारखं. कारण ती चाल आपली आहे की नाही, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

हे ऐकून कुणीही हसेल. पोर आपलं की दुसऱ्याचं, हे माणसाला कळत नाही होय? पण ग्रंथपालांच्या बाबतीत ते तसंच झालं होतं, आणि त्याचं मूळ होतं शिंप्याच्या जिन्यात.

त्या काळी बँडची तालीम शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत चाले. ट्रंपेट न्हाव्याकडे, ढोल सुताराकडे, अ‍ॅकॉर्डियन लाँड्रीवाल्या बाईंकडे, आणि क्लॅरिनेट घेऊन सगळ्यांच्या डोक्यावर बसायला बँडमास्तर. खोलीत कपड्यांच्या चिंध्या, खाली शिवणयंत्राचा खडखडाट, वर हा गोंगाट. आपल्याला वाजवता येत असतं तर देवानं आपल्याला वाचायला लावलं नसतं, अशी ग्रंथपालांची तेव्हाच खात्री होती. म्हणून ते वाचनालय बंद करून येत आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून ऐकत. एकदा तालीम संपली म्हणून ते शीळ घालत उतरायला लागले, तर मागून मास्तरांचा आवाज आला.

‘‘ए लाजाळू, काय ते?’’

‘‘काही नाही, मास्तर.’’

‘‘ते ‘काही नाही’ फक्कड आहे. पुन्हा घाल.’’

घातली. मास्तरांनी डोळे मिटून ऐकली, आणि विचारलं, ‘‘कुठून उचललीस रे?’’

आता, ती चाल ग्रंथपालांनी घरच्या पायपेटीवर स्वतःच बसवली होती. पण ‘माझी आहे’ म्हणायचं म्हणजे बँडमास्तरांसमोर उभं राहून ‘मीही तुमच्यातलाच’ म्हणण्यासारखं झालं. ग्रंथपालांचे कान तापले. ते म्हणाले, ‘‘ऐकली होती... कुठंतरी.’’

पुढच्या आठवड्यात बँड ती चाल वाजवायला लागला. वर्षभरात पलीकडच्या गावचा बँड वाजवायला लागला. मग गिरणीचा, मग शाळांचे. मास्तर प्रत्येक वेळी सांगत, ‘जुनी चाल आहे.’ ग्रंथपालही कुणी विचारलं तर मान हलवत, ‘हो, जुनीच.’ खोटं एकदा ठणकावून बोललं की निदान ते खोटं म्हणून लक्षात राहतं. हे खोटं इतकं पुटपुटत बोललं होतं, की हळूहळू त्यांनाच वाटायला लागलं, खरंच ऐकली असेल कुठंतरी.

त्यात सर्कस आली. सर्कशीचा ट्रंपेटवाला दुपारी वाचनालयात पेपर वाचायला येऊन बसे, आणि पानं उलटताना तीच चाल गुणगुणे. ग्रंथपालांनी धीर करून विचारलं. तो सहज म्हणाला, ‘‘ही? आमच्या सर्कशीची. फार जुनी आहे म्हणतात.’’ ग्रंथपालांनी त्याला शांतता पाळण्याची पाटी दाखवली आणि ते आत जाऊन घोटभर पाणी प्यायले. झालं. आपण उचलली होती, आणि विसरलो होतो. चोरी केल्याचंही लक्षात राहू नये इतके आपण गबाळे, असं त्यांनी मनाशी धरलं ते धरलंच.

अशा माणसानं नातीला काय कळवावं? ‘माझी’ म्हणावं, तर उद्या कुणी सर्कशीतला म्हातारा उभा राहून म्हणेल, चोर. ‘माझी नाही’ म्हणावं, तर आयुष्यात जे एक केलं असं वाटत होतं तेही हातचं जाणार, आणि तेही स्वतःच्या हातानं लिहून. त्यांनी उत्तरं लिहिली नाहीत असं नाही. एक तर वाद्यवृंदांच्या इतिहासापासून सुरू झालं आणि मुद्दा येण्याआधी कागद संपला. तो फाडून त्यांनी बरं झालं म्हटलं.

एका संध्याकाळी फिरता फिरता पाय आपोआप गॅरेजकडे वळले. जुनं मोटारीचं गॅरेज. भिंतींना आतून गाद्या ठोकून नातीच्या बँडमधल्या मुलांनी तिथे तालमीची जागा केली होती. शटर अर्धं खाली होतं. आतून गिटार, ड्रम, आणि त्यावर क्लॅरिनेट. तीच चाल. नात उडीपाशी आली, उडी मारली, आणि थांबली.

‘‘इथं दरवेळी मला खड्ड्यावरून गेल्यासारखं वाटतं,’’ ती आत कुणाला तरी म्हणाली.

‘‘बुजवून टाक ना मग खड्डा.’’

‘‘वेडा आहेस का? त्या खड्ड्यामुळे तर ती चाल आहे.’’

ग्रंथपाल शटरपुढून असे लगबगीनं निघाले, जणू खड्डा त्यांनीच खणला होता.

उन्हाळा निम्मा झाला होता तेव्हा ताईचा फोन आला. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईवडिलांच्या घरात राहणारी, आणि फोनवर ‘हॅलो’ न म्हणणारी.

‘‘उद्या भंगारवाला येतोय. तुझी पेटी नेणार आहे.’’

‘‘कुठली पेटी?’’

‘‘माझ्या दागिन्यांची! अरे पायपेटी. माझा पलंग खाली आणायचाय. गुडघे आता जिन्याशी बोलत नाहीत. शेवटचं बघायचं असेल तर ये, नाहीतर नंतर तोंड पाडून बसू नकोस.’’

ते दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. पुढच्या खोलीत भाचा सोफ्यावर तोंडावर पेपर घेऊन झोपला होता. छापखान्यात रात्रपाळी करून आला होता. आता निवृत्तीला आलेला, टकला, आणि घोरण्यात कुणाला न ऐकणारा. ताई मटार सोलत बसली होती. कोपऱ्यात पायपेटी होती, म्हणजे तिच्यावर अंथरलेला टेबलक्लॉथ, त्यावर औषधांच्या बाटल्या, आणि एक बंद पडलेलं घड्याळ.

‘‘वाजवू का जरा? उठेल का हा?’’

‘‘हा? लहानपणी टाचणी पडली तरी उठायचा. आता छपराचे पत्रे पडले तरी कूस बदलेल. वाजव.’’

ग्रंथपालांनी बाटल्या उतरवल्या, झाकण उघडलं. पट्ट्या जुन्या दातांसारख्या पिवळ्या पडल्या होत्या. पायाखालचा भाता कुठेतरी फाटला होता. सुरापेक्षा फुसफुस जास्त. तरी बोटं गेली ती त्याच चालीवर गेली. कित्येक वर्षांत त्यांनी ती वाजवली नव्हती. वरची ओळ आली, आणि उडीपाशी त्यांचं बोट आपसूक उचललं जाऊन पलीकडच्या पट्टीवर पडलं.

त्यांना गॅरेजमधलं बोलणं आठवलं. बुजवून टाक ना खड्डा. बघावं तरी कसं वाटतं, म्हणून त्यांनी मधली पट्टी दाबली.

ती दबेना.

पुन्हा दाबली. दगडासारखी घट्ट.

‘‘ही पट्टी बिघडलीय, ताई.’’

‘‘बिघडलेली होती,’’ ताईनं मान वर न करता सांगितलं. ‘‘आता तिला बूच आहे. बाबांनी घातलेलं.’’

‘‘बूच?’’

‘‘विसरलास? ती मेली एकदा खाली गेली की वर यायची नाही. भोकाड पसरायची. आणि तिचं ऐकून हा भोकाड पसरायचा.’’ तिनं मटाराच्या शेंगेनं सोफ्याकडे बोट दाखवलं. ‘‘पाळण्यात होता. शेवटी बाबांनी खोकल्याच्या बाटलीचं बूच कापून पट्टीखाली सारलं. म्हटलं आता तरी तू उठशील पेटीवरून. छे! बूच घातल्यावरही तू महिनाभर तीच एक ओळ घोळवत बसलास. पोराला निजवावं की तुला, कळायचं नाही मला. जोडत काय होतास, मोडत काय होतास, पुन्हा पहिल्यापासून. कान किटले होते.’’

‘‘जोडत होतो?’’

‘‘मग काय करत होतास? येणारी चाल माणूस सरळ वाजवतो. तू तर शोधल्यासारखं करायचास. चष्मा हरवल्यासारखं.’’

ग्रंथपालांनी खालच्या सप्तकातला तोच सूर दाबला. भाता फुसफुसला आणि सूर नीट वाजला. वरचा दबत नाही. खालचा वाजतो. वर उडी, खाली सरळ.

ते काही लगेच हुरळून जाणारे नव्हते. शंका काढण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. त्यांनी मनात म्हटलं, चाल कुठून तरी ऐकली असेल, आणि इथे बुचामुळे तेवढी उडी घातली असेल. पण मग सर्कशीतला तो ट्रंपेटवाला? त्यानंही गुणगुणताना तिथेच उडी मारली होती. हे त्यांना तेव्हाही ऐकू आलं होतं, फक्त भीतीच्या भरात कळलं नव्हतं. सर्कशीच्या ट्रंपेटात काही बाबांनी बूच घातलेलं नव्हतं! सर्कशीनं ती इथल्याच कुठल्या तरी बँडकडून घेतली, बँडनं मास्तरांकडून, मास्तरांनी जिन्यातून, आणि जिन्यात ती या खोलीतून गेली. चाल बुचाच्या आधीची असती, तर कुठेतरी ती उडीशिवाय ऐकू आली असती; तशी ती त्यांना उभ्या आयुष्यात कुठेच भेटली नव्हती.

‘‘ताई, ती माझीच आहे गं.’’

‘‘पेटी? मग घेऊन जा की.’’

‘‘पेटी नाही. चाल.’’ आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं : पत्र, शब्दकोश, सर्कस, चोरी.

ताईनं मटाराचं भांडं खाली ठेवलं. ‘‘चोरी? तू? अरे, चोरायला धाडस लागतं. वाचनालयातली पेन्सिल चुकून खिशात आली, तर दुसऱ्या दिवशी टोक करून परत ठेवायचास. मला विचारायचंस ना एकदा.’’

‘‘विचारायची लाज वाटली.’’

‘‘सगळ्याची लाज वाटते माझ्या भावाला. एवढं लाजतो, त्याची तेवढी वाटत नाही.’’ पण तिचा आवाज मऊ झाला होता. तिनं केसातला आकडा काढून पुढे केला. ‘‘बघ तरी, आहे का अजून बूच.’’

आकड्यानं जरा उकरल्यावर बूच बाहेर आलं. नखाएवढा तुकडा, एका बाजूनं पट्टीनं दाबून चपटा झालेला. ग्रंथपालांनी तो तळहातावर घेतला, आणि दुसऱ्या हातानं पट्टी दाबली. पट्टी खाली गेली ती गेलीच. पेटीनं भोकाड पसरलं.

सोफ्यावरचा पेपर उडाला. भाचा ताडकन उठून बसला. ‘‘काय झालं? आई, कोण रडतंय?’’

ताई हसायला लागली ती थांबेचना. ग्रंथपाल नखानं पट्टी उचकटत होते, हसत होते, आणि डोळे पुसायला त्यांना तिसरा हात नव्हता.

‘‘कुणी नाही रे,’’ ताई धापा टाकत म्हणाली. ‘‘नीज. मामाचं काहीतरी हरवलं होतं, सापडलं.’’

‘‘मग हळू सापडायचं ना,’’ असं म्हणून भाचा पुन्हा आडवा झाला.

‘‘घरी जाऊन लिहितो उत्तर,’’ ग्रंथपाल म्हणाले.

‘‘घरी नाही. इथंच लिही, माझ्यासमोर. घरी नेलंस की जाईल शब्दकोशात.’’

तेव्हा पायपेटीच्या झाकणावर कागद ठेवून त्यांनी लिहिलं. इतिहास वगळला. शब्दकोश जवळ नव्हता, म्हणून शब्दही अडले नाहीत.

‘उत्तराला फार उशीर झाला, क्षमा असावी. चाल माझी आहे. मास्तरांना मी तसं सांगितलं नाही, तरी त्यांनी ओळखलं असावं. उडीचं कारण सोबत पाठवतो आहे. हे बूच आमच्या पायपेटीच्या एका पट्टीखाली होतं, माझा भाचा झोपावा म्हणून. खड्डा बुजवू नका. नावाच्या जागी ‘लाजाळू’ छापा, मास्तरांनाही ते आवडलं असतं. पायपेटी तुमच्या गॅरेजमध्ये मावत असेल तर घेऊन जा. एक पट्टी रडते, तेवढं सांभाळून घ्या.’

‘‘भंगारवाल्याला काय सांगू?’’ ताईनं विचारलं.

‘‘पेटी दिली म्हणून सांग.’’

‘‘आणि पलंग?’’

‘‘दोन दिवस थांबेल पलंग. गुडघ्यांना मी समजावतो.’’

टपालपेटी समोरच्या कोपऱ्यावर होती. ताई खिडकीत येऊन उभी राहिली. भावावर तिचा तेवढा विश्वास नव्हताच. ग्रंथपालांनी पाकीट फटीत घातलं, तर बुचाच्या उंचवट्यापाशी ते अडलं. अर्धं आत, अर्धं बाहेर. ते क्षणभर तसेच पाकीट धरून उभे राहिले. बाहेर ओढायलाही जागा होती.

‘‘ढकल!’’ खिडकीतून आवाज आला. ‘‘ढकल रे, बघत काय बसलास!’’

त्यांनी अंगठ्यानं बूच जरा आडवं केलं आणि ढकललं. पाकीट आत पडल्याचा आवाज झाला. मग ते शीळ घालत बहिणीच्या घराकडे परतले, भर रस्त्यात, कुणी ऐकतंय का ते न बघता. आणि उडीपाशी नेहमीसारखी उडी मारली.