मोटेवरची इंग्रजी

मी मोटेचा बैल बोलतोय. जात लाल कंधारी, नाव तांबड्या, शिक्षण इंग्रजी. हसू नका. निजामाच्या राज्यात शाळेत सगळं उर्दूतून शिकवतात. इंग्रजी मी मुखेडच्या शिवारात, विहिरीवर शिकलो.

माझा जन्म सटवाजीच्या गोठ्यातला. मोटेच्या बैलाचं काम सरळ असतं. धावेच्या उतारावरून खाली जायचं, तोवर पाण्यानं भरलेली चामड्याची मोट वर येऊन विहिरीकाठच्या थारोळ्यात रिकामी होते; मग उलट्या पावलांनी चढून पुन्हा विहिरीपाशी यायचं. मागं कधी सरायचं ते हाकणारा गाण्यातून सांगतो. शेवटचा शब्द लांबवला की आम्ही मागं. चाबकापेक्षा हे केव्हाही बरं.

आम्हाला हाकायचा सटवाजीचा मुलगा उद्धव. उर्दूत हुशार, हिशेबात हुशार, मॅट्रिकला इंग्रजीत मात्र दोनदा आपटला होता. त्याला पुढं हैदराबादेला शिकायचं होतं.

"बस अजून एकडाव परीक्षेला," सटवाजी म्हणाला. "पर पास झालास म्हणून धाडीन असं समजू नको. तू गेल्यावर मोट काय तुझी माय हाकील?"

"हाकीन की," भाकरी घेऊन आलेली साखराबाई म्हणाली. "तुमच्यापरीस बरी हाकीन."

उद्धव नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, जाऊन बसला. त्यानं मोटेच्या गाण्यातले जुने शब्द काढले आणि इंग्रजी भरले.

"वॉटर म्हंजी पाणी गड्या, मदर म्हंजी माय,
बुलक म्हंजी बैल तांबड्या, काऊ म्हंजी गाय,
हिल म्हंजी डोंगर रं, फॉरेऽऽस्ट..."

'फॉरेस्ट'ला आम्ही मागं सरायचो. 'बुलक' मात्र मला आवडला नाही. कुणीतरी ढेकर दिल्यासारखा वाटतो. असो. आख्खा हिवाळा हेच चाललं. शब्द उद्धवला पाठ झाले, मला झाले, माझा जोडीदार हरण्या बिनडोक, पण त्यालाही झाले.

उद्धव परीक्षेला नांदेडला गेला आणि नाड्यावर सटवाजी बसला. त्यानं आपलं वाडवडिलांचं गाणं लावलं. आम्ही खाली गेलो, मोट रिकामी झाली, त्यानं शेवटचा शब्द लांबवला. आम्ही उभे. चाबूक बसला, तरी उभेच. आडमुठेपणा नव्हता हो, आम्ही 'फॉरेस्ट'ची वाट बघत होतो.

दुपारपर्यंत पाण्यावाचून मळ्यातल्या मिरचीनं माना टाकल्या. सटवाजी हताश होऊन म्हणाला, "बैलाला बाधा झाली."

"बाधा न्हाई, आवं," दुपारची भाकरी घेऊन आलेली साखराबाई म्हणाली. "उद्धवचं गाणं पायजे त्याला. म्हणा, फॉरेस्ट."

"साहेबाची बोली मी न्हाई बोलणार."

"मग वाळू द्या मिरची."

सटवाजीनं चारी बाजूंना पाहिलं. बांधावर कुणी नव्हतं. मग तो मिशीतल्या मिशीत पुटपुटला. मी एक पाय मागं घेतला.

"मोठ्यानं म्हणा की! नव्या नवरीवानी लाजताव कशाला?"

"फॉरेऽऽस्ट!" सटवाजी ओरडला, आणि आम्ही सरसर मागं.

पुढचं गाणं साखराबाईनं त्याला ओळीओळीनं शिकवलं. उद्धव परतला तेव्हा बाप नाड्यावर बसून मान डोलावत 'वॉटर म्हंजी पाणी' गात होता.

निकाल लागला. उद्धव पास. सटवाजीनं तोंड उघडलं, तशी साखराबाई म्हणाली, "बोला की. सध्या मोट कोण हाकायलंय?"

सटवाजी घरात जाऊन घोंगडं घेऊन आला. ते उद्धवपुढं टाकत म्हणाला, "घोंगडं ने संगं. हैदराबादेत थंडी लई असती म्हणत्यात."

आता माझे गुडघे गेले. मी लिंबाखाली बसून रवंथ करतो. मोटेला नवी जोडी आहे, तीही इंग्रजीच. उद्धवा, तुला माझं एकच मागणं आहे. सुट्टी मिळाली की ये. बाप बोलावणार नाही, त्याचा स्वभाव तुला ठाऊक आहे. पण परवा तो गाता गाता 'सन म्हंजी लेक' या ओळीवर आला आणि पुढं सरकेचना. भरलेली मोट तशीच विहिरीत लोंबत राहिली. नव्या बैलांना वाटलं, म्हातारा गाणं विसरला.

नवीनच आहेत ते. त्यांना काय कळतंय!