साठवर काटा

"टक झालं बघा," दुकानदार सिद्धेश म्हणाला. "आता थांबायचं काका. पुढे ओढायचं नाही."

सहदेव तांबेने मान हलवली. टेबलाला जखडलेला एक नट, त्यावर पान्याची गोटी, म्हणजे सॉकेट, आणि हातात फूटभर लांब टॉर्क पाना. पाना साठवर लावलेला. नट तेवढा आवळला गेला की पान्यानेच टक करून सांगायचं, अशी त्याची करामत. टक झालं म्हणे. सहदेवला काही ऐकू आलं नव्हतं.

"परत करून बघताय?"

"कशाला? कळलं की."

अंबरनाथकडच्या एका कारखान्यात त्याने एकतीस वर्षं फिटरकी केली होती. त्या धडधडाटात पगार, बोनस आणि भिंतीवरचं एक घड्याळ कमावलं, आणि दोन्ही कानांतले बारीक आवाज घालवले. समोरच्याचं बोलणं कळायचं, तोंड दिसत असलं की. नंदाचा आवाज अलीकडे चढला होता, तो मात्र त्याने बायकोच्या स्वभावाच्या खाती टाकला होता. बोटांचं वेगळं. ती साखरेने बधिर केली होती.

"हा साडेअठराशेला," सिद्धेश सांगत होता. "डिजिटल पाहिजे तर शेहेचाळीसशे. दिवापण लागतो त्याच्यात."

"दिवा घरी आहे."

"आणि तो काटेवाला साडेनऊशे. जुना प्रकार आहे, कोण घेत नाय आता. काट्याकडे बघत बसायला लागतं."

काटेवाल्याकडे सहदेवने दोनदा बघितलं. तो मागायचा तर का, ते सांगावं लागलं असतं. तो म्हणाला, "टकवाला द्या."

खरं तर सबंध नोकरीत त्याने टॉर्क पाना स्टोअरमधून मागितला नव्हता. ज्याला हात नाही त्याला पाना, असं तो म्हणायचा. मशिन चालू करायच्या आधी सुपरवायझर विचारायचे, सहदेवचा हात लागला का? लागला म्हटलं की बटण दाबायचे.

हाच हात गेल्या महिन्यात शिवानीच्या स्कूटरच्या पुढच्या चाकाला लागला होता. पोरगी कल्याणच्या एका हॉस्पिटलात नर्स. मोहन्याहून रोज गाडीने जाते. शहाडच्या पुलावर हँडल थरथरायला लागलं. गॅरेजवाल्याने चाकाचा नट नुसत्या बोटांनी फिरवून दाखवला आणि विचारलं, कोणी बसवलाय हा? कोणी ते तिने सांगितलं नाही. घरी येऊन एवढंच म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी ब्रेकचे लायनर बदलायचेत. गॅरेजला टाकते. तुम्ही नका त्रास घेऊ."

तेवढ्या एका वाक्यावर सहदेवने आठ दिवसांत चौदा व्हिडिओ बघितले, कल्याणमधली तीन आणि ठाण्यातली दोन दुकानं पालथी घातली, आणि रोज दोनदा खाली उतरून तो नट नुसता बघितला. हात लावला नाही.

गुरुवारी पाना घरी आला. शिवानी नाइट करून झोपली होती. सहदेव पार्किंगमध्ये तालमीला बसला. नट सैल केला, पाना साठवर लावला, ओढला. कान टवकारले. अजून ओढला. अजून थोडा.

"अहो, चारदा टक झालं," तळमजल्याच्या खिडकीतून वाल सोलता सोलता नंदा म्हणाली. "किती आवळताय?"

सहदेव थांबला. "तुला ऐकू आलं?"

"मला काय, शेजारच्या वैशालीलापण आलं असेल." एवढं बोलून तिने त्याच्याकडे बघितलं, आणि पुढचं वाक्य गिळून आत गेली. चौतीस वर्षांच्या संसारात असं दोन-तीनदाच घडलं होतं.

त्याने नट पुन्हा सैल केला आणि जुन्या पान्याने, हाताच्या अंदाजाने आवळला. मग त्या अंदाजाकडे बघत बसला. संध्याकाळी शिवानी ड्युटीला निघाली तेव्हा स्कूटरची चावी मिळेना. सगळ्या घराने शोधली. सर्वांत जास्त सहदेवने शोधली, स्वतःचा शर्टाचा खिसा सोडून. नंदाने त्या खिशाकडे बघितलं आणि म्हणाली, "जा गं आज रिक्षाने. मिळेल उद्या."

शुक्रवारी दुकान उघडायच्या आधीच तो पायरीवर उभा होता.

"पाना बदलून द्या. काटेवाला पाहिजे."

"का काका? खराब निघाला?"

तोवर मागून दोन गिऱ्हाइकं आली होती. सहदेवने त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं.

"पाना चांगला आहे. मला टक ऐकू येत नाही."

"मग काल सांगायचं ना."

"काल ऐकू येत होतं."

सिद्धेश हसला नाही. काटेवाला फडक्याने पुसून त्याने पुढे ठेवला आणि नऊशे रुपये परत केले.

रविवारी शिवानी आवरून खाली आली तेव्हा लायनर बसले होते, चाक जागेवर होतं.

"बाबा, मी गॅरेजला म्हटलेलं ना?"

"सगळं झालंय. नट राहिलाय. ये इकडे." त्याने पाना तिच्या हातात दिला. "सरळ ओढायचं, झटका नाही द्यायचा. काटा साठवर आला की थांबायचं."

"मी? मला कुठे सवय आहे?"

"मला होती. तरी नट सैल राहिला ना?"

शिवानीने पान्यावरून नजर उचलली. मग म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गाडी तुझी, नट मी बसवलेला. सांगायला कोण लागतं?"

ती गुडघ्यावर बसली. पाना ओढायला लागली. काटा वीसवर आला, तीसवर आला. चाळिसाला तिचा दंड थरथरला. पन्नासला ती अडली, दात आवळून तिने जोर लावला, आणि सहदेवचा उजवा हात आपोआप पुढे सरकला. त्याने तो डाव्या हाताने मनगटाशी पकडला, आणि शिवानी "साठ" म्हणेपर्यंत धरून ठेवला.