माळ्यावरचं स्टूल

"हा मोजा तुमचा नाही, काका," सिस्टर म्हणाली.

न्हाव्याने पाय बाकावर ठेवला होता. घोट्याच्या आतल्या अंगाची जखम चार महिने भरत नव्हती. भोवतीची कातडी तपकिरी, वाळक्या चामड्यासारखी.

"माझ्याच पायातून काढलात की. चोरीचा वाटतो?"

"याला ताणच उरला नाही. नुसता लोंबतोय. कुणाचा?"

"दादाचा. माणूस गेला, मोजा राहिला. वाया कशाला घालवायचा?"

"शिरा आवळणारा मोजा ज्याच्या त्याच्या मापाचा लागतो, काका. चष्म्यासारखा."

तिने दंडाचा दाब घेतला, मग घोट्याचा. "रक्त खाली नीट पोचतंय. वर चढताना रेंगाळतंय. आता घट्ट बांधते." बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी चढली. "चाला भरपूर. एका जागी उभं राहू नका. दोन गिऱ्हाइकांच्या मधे बसा, पाय वर घेऊन. स्टूल आहे ना दुकानात?"

न्हाव्याची जीभ एरवी वस्तऱ्यापेक्षा जास्त चालायची.

"होतं," एवढंच म्हणाला.

दुकानात तेव्हा खुर्च्या दोन, भाऊही दोन: दादा आणि हा धाकटा. पाय ठणकायचे म्हणून दादाने स्टूल आणलं, आणि धाकट्याच्या अंगात खोडी संचारली. त्याने ते माळ्यावर पडद्यामागे दडवलं. "दादा, तुझं स्टूल पळालं बघ. त्याचे पाय धड आहेत ना." गिऱ्हाइकं पोट धरून हसली. दादाही हसला. मागेल तेव्हा देऊ, असं धाकट्याने ठरवलं. दादाने मागितलंच नाही. दोन वर्षं उभा राहिला. मग एका सकाळी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली असताना थेट फरशीवर बसला. पायातली गाठ छातीत गेली, डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून दादाच्या रिकाम्या खुर्चीमागे कुणीतरी पाय बदलत उभं असायचं. आधी डावी चप्पल वाजायची, मग उजवी. तो आवाज झाकायला धाकटा मोठ्याने विनोद सांगायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, गडी मोठा मजेत आहे.

दवाखान्यातून तो दुकानात आला. दुकान रिकामं होतं. दादा गेल्यापासून त्याने माळ्याकडे हात नेला नव्हता. आज पडदा सारला.

स्टूल तिथेच होतं. त्यावर ब्लेडांचा खोका, नीट मधोमध ठेवलेला. ब्लेडं माळ्यावर दादा ठेवायचा. दर आठवड्याला खोका उतरवायचा, दर आठवड्याला परत ठेवायचा.

म्हणजे दादाला ठाऊक होतं. खोक्याबरोबर स्टूलही कधीच उतरवता आलं असतं. तो ते धाकट्याच्या हातून यायची वाट बघत होता.

न्हाव्याने स्टूल पुसलं, दादाच्या खुर्चीमागे मांडलं.

"घे, बस," म्हणाला.

डावी चप्पल वाजली. उजवी वाजली.

तेव्हा तो स्वतःच बसला. पट्टीचा पाय उचलून दादाच्या खुर्चीवर ठेवला. चप्पल वाजायची थांबली.

दारात गिऱ्हाईक आलं. "काय, आज बसलात?"

"जरा दम खा," न्हावी म्हणाला. "दादा बसलाय."